आवाज नेमका कुठून येतो?



मागच्या वेळी मी गटाच्या हिशोबाच्या वह्यांबद्दल बोलले होते. त्यानंतर बऱ्याच जणी भेटल्या आणि म्हणाल्या, ताई, वह्यांचं कळलं, आता जरा मशीनबद्दल बोला. आमच्या भागात ज्या गटांनी कर्ज काढून शिलाई मशीन घेतली, त्यांची सगळ्यांची एकच तक्रार असते. मशीन आवाज करतं. मग कुणी तेल ओततं, कुणी स्क्रू आवळतं, आणि शेवटी ते मशीन कोपऱ्यात जातं आणि त्याच्यावर गोधड्यांची घडी बसते.

तर आज मशीनच्या आवाजाबद्दल. आधीच सांगते, मी मेकॅनिक नाही. मी बी. ए. केलंय, तेही मराठी घेऊन. सात वर्षं गटांची समन्वयक म्हणून काम करते. मशीनबद्दल मला जे कळलं ते एका चुकीमुळे कळलं, आणि ती चूक माझी होती. म्हणून आधी तीच सांगते.

आमचा गट निफाड तालुक्यातला. निफाडची थंडी दर वर्षी पेपरात येते, तुम्हाला माहीतच आहे. गटाकडे तीन मशीन आहेत, तिन्ही पायाची, काळी. समाजमंदिराशेजारी पत्र्याची खोली आहे, तिथे ठेवलीत. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्हाला शहरातल्या एका महिला मंडळाची ऑर्डर मिळाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटायला कापडी पिशव्या, 400 नग, 12 जानेवारीला पोचवायच्या. आमच्यासाठी ती पहिलीच मोठी ऑर्डर होती. आम्ही दोन पाळ्या लावल्या. सकाळी आठ ते बारा लहान वयाच्या, आणि जेवणं उरकून एक ते पाच मोठ्या.

तीन नंबरच्या मशीनवर सकाळी आमच्यातली सगळ्यात धाकटी बसायची. लग्न होऊन गावात आली त्याला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सगळ्या तिला 'नवी' म्हणायच्या. दुपारी त्याच मशीनवर आमच्या अध्यक्ष बसायच्या, त्यांना आम्ही आक्का म्हणतो. त्यांचा शिवणातला हात तीस वर्षांचा.

डिसेंबरच्या मध्यावर नवी मला म्हणाली, "ताई, मशीन ओरडतंय. जडही जातंय." मी जाऊन बघितलं तेव्हा दुपार झाली होती, आक्का शिवत होत्या, मशीन ठीक चालत होतं. थोडी टिकटिक, मध्येच एखादं खट्, पण ओरडणं वगैरे काही नाही. दुसऱ्या दिवशी नवीनं परत सांगितलं. परत दुपारी काही नाही. असं चार वेळा झालं. मग बाकीच्या बोलायला लागल्या. हिच्याच हातात कसं ओरडतं? हिला पाय मारायची पद्धत नाही. ही चाक उलटं फिरवते. माहेरी कधी मशीन बघितलं तरी होतं का?

पुढच्या बैठकीत ठरलं, की दुरुस्तीचा खर्च निघाला तर 500 रुपये नवीच्या मजुरीतून कापायचे. कुणी विरोध केला नाही. प्रोसिडिंगच्या वहीत ते वाक्य मी माझ्या हातानं लिहिलं. नवी खाली बघत बसली होती. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

तीन दिवस गेले. ती नाही म्हणून सकाळी तीन नंबरचं मशीन बंदच, आणि पिशव्या मागे पडायला लागल्या. मग मी बाजारात मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, तिथल्या चाचांना फोन लावला. त्यांच्याकडे लग्नसराईची गर्दी, त्यांना दोन दिवस येणं जमणार नव्हतं. मी म्हटलं, चाचा, निदान कुठलं तेल घालू आणि काय आवळू ते तरी सांगा. ते म्हणाले, "ताई, काहीच घालू नका. काहीच आवळू नका. आधी आवाज कुठून येतो ते बघू. फोन स्पीकरवर टाका."

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यात एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. आवाज आला की आपला हात पहिल्यांदा तेलाच्या बाटलीकडे जातो. दुसरा हात स्क्रू ड्रायव्हरकडे. आपण तेलही घालतो, स्क्रूही आवळतो, सुईही बदलतो, सगळं एकदमच. आवाज गेला तर कशानं गेला कळत नाही, आणि नाही गेला तर आता त्यात आपल्या आवळण्याचा आवाज कुठला तेही कळत नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट करायची, आणि केल्यावर थांबून ऐकायचं.

चाचांनी पहिल्यांदा सांगितलं, "मशीन रिकामं चालवा." म्हणजे वरचा दोरा काढायचा, खालची बॉबिन केस काढून बाजूला ठेवायची, कापड काढायचं आणि सुईजवळचा दाब, म्हणजे ज्याला आपण फूट म्हणतो, तो वर उचलून ठेवायचा. फूट खाली ठेवून रिकामं मशीन चालवलं तर कापड सरकवणारे दाते फुटावर घासतात आणि झिजतात. मग सावकाश पाय मारायचा.

आम्ही मारला. मधलं ते खट् गेलं. चाचा म्हणाले, "म्हणजे खट् हा शिवतानाचा आवाज. तो सुईचा किंवा दोऱ्याचा. आता सुई काढून आरशावर ठेवा." सुईच्या मुठीची एक बाजू सपाट असते. ती बाजू आरशावर टेकवली की सुई आणि आरसा यांच्यामध्ये टोकापर्यंत सारखी फट दिसायला पाहिजे. आमच्या सुईची फट टोकाशी कमी झालेली. सुई वाकली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, आरशात दिसली. पिशवीच्या बंदाशी कापडाचे चार पदर येतात आणि आम्ही 14 नंबरच्या सुईनं ते शिवत होतो. तिथे सुई वाकायची आणि खालच्या प्लेटला लागायची. साध्या सुती कापडाला 14 ठीक, जाड कापडाला 16 पाहिजे. सुई महाग नाही. पण टोक बोथट होऊन कापड बिघडेपर्यंत आपण ती बदलत नाही. दिवसभर शिवत असाल तर रोज नाही तरी एक दिवसाआड बदला.

नवी सुई लावताना ती वरपर्यंत पूर्ण आत जायला पाहिजे, आणि सपाट बाजू तुमच्या मशीनवर जिकडे असते तिकडेच. अर्धा नखभर जरी खाली राहिली तरी खट् वाजणारच.

मग चाचा म्हणाले, "आता पट्टा उतरवा." खालचं मोठं चाक आणि वरचं लहान चाक यांना जोडणारा चामड्याचा पट्टा. तो उतरवला की मशीनचे दोन भाग वेगळे होतात. खाली स्टँड, पायडल आणि मोठं चाक, आणि वर मशीनचं डोकं. आता नुसता पायडल मारून बघायचा. आवाज आला तर तो स्टँडमध्ये. पायडलच्या दोन टोकांना, पायडल आणि चाक जोडणाऱ्या दांड्याला आणि मोठ्या चाकाच्या आसाला आपण वर्षानुवर्षं तेल देत नाही, कारण ते खाली असतं, दिसत नाही. तिथून बारीक 'चुंई चुंई' येते. कधी स्टँडचा एक पाय जमिनीला टेकत नाही आणि सगळं मशीन खडखडतं. त्याला मेकॅनिक नको, पुठ्ठ्याची घडी पुरते.

आमचं स्टँड चांगलं होतं. पण पट्टा परत चढवल्यावर टिकटिक परत आली. चाचा म्हणाले, "मोजा. मोठं चाक एकदा फिरलं की किती वेळा टिक होतं?" आम्ही चाकाला खडूनं खूण केली आणि मोजलं. चाकाच्या एका फेरीला एक टिकही होत नव्हती. दोन फेऱ्यांना साधारण एक. म्हणजे चाकापेक्षाही सावकाश फिरणारी गोष्ट. मशीनमध्ये अशी गोष्ट एकच, तो पट्टा. पट्ट्याच्या जोडाला तारेची पिन असते, तिचं टोक वर आलं होतं आणि चाकाच्या खाचेतून जाताना दर वेळी टिक करत होतं. पकडीनं टोक दाबलं, टिकटिक गेली.

हे मोजणं मला फार आवडलं. तुम्हीही करून बघा. वरचं लहान चाक एकदा फिरलं की सुई एकदा खाली-वर होते, खालचं शटल एकदा पुढे-मागे होतं, दाते एकदा कापड सरकवतात, आणि एक टाका पडतो. म्हणजे जो आवाज दर टाक्याला एकदा येतो तो मशीनच्या डोक्यात आहे. मोठ्या चाकाच्या फेरीला एकदा येतो तो स्टँडमध्ये. त्याहूनही सावकाश येतो तो पट्ट्यात. आणि जो सारखाच घासल्यासारखा येतो, त्याच्यासाठी आधी बॉबिन भरायची चकती बघा. बॉबिन भरून झाल्यावर ती मागे ओढायची राहते आणि तिचं रबर चाकाला घासत बसतं. मी एका गटात असंही बघितलंय की एवढ्यासाठी मशीन विकायला काढलं होतं.

आमचं खट् गेलं, टिकटिक गेली. पण नवी ज्याला ओरडणं म्हणत होती ते काही सापडलं नव्हतं. चाचांनी पट्टा परत उतरवायला लावला आणि वरचं चाक हातानं फिरवायला सांगितलं. दुपारचे साडेबारा वाजले होते. चाक फिरलं, पण पाटा ओढावा तसं जड. मग लहान चाकाच्या मधली गोल चक्री सैल करायला सांगितली. बॉबिन भरताना आपण ती सैल करतो, तेव्हा नुसतं चाक फिरतं आणि सुई जागेवर राहते. ती सैल केल्यावर चाक भिंगरीसारखं फिरलं. म्हणजे जडपणा चाकात नव्हता, आत होता. मुख्य दांड्यात नाहीतर खाली शटलकडे.

"डोकं मागे पाडा आणि खालून बघा," चाचा म्हणाले. आम्ही मशीन मागे कलतं केलं. खाली सगळीकडे कापडाचा बारीक भुसा बसला होता, दात्यांच्या मध्ये तर त्याची नमद्यासारखी गादी झाली होती. आणि सांध्या-सांध्यावर पिवळट, चिकट थर. नखानं खरवडला तर मेणासारखा निघाला.

"तेल कुठलं घातलंय ताई?" चाचांनी विचारलं.

फोन स्पीकरवर होता. सात-आठ जणी भोवती उभ्या होत्या. मी म्हटलं, "मशीनचंच."

"मग ते चिकट का?" चाचा म्हणाले. "तेल एकदा बघा ताई. मी परवा येतो."

मैत्रिणींनो, मी खोटं बोलले होते. दिवाळीच्या आधी मशीनच्या तेलाची बाटली संपली होती, बाजार चार दिवसांवर होता, आणि माझ्या पिशवीत खोबरेल तेलाची छोटी बाटली होती. माझ्या आईनं आयुष्यभर दाराच्या कडीला, पाळण्याच्या कड्यांना खोबरेलच लावलं. मीही ते तीन नंबरच्या मशीनच्या प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब घातलं. मशीन मस्त चाललं. म्हणून पुढच्या शनिवारीही घातलं. मग बाटली आणली तरी ते माझ्या डोक्यातून गेलं. त्या दुपारपर्यंत मला खरंच आठवलं नव्हतं. पण चाचांनी विचारल्यावर आठवलं, आणि तरीही मी मशीनचंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीची वेणी घालायला बसले. बाटली उपडी केली, तेल पडेना. आत पांढरं गोठलेलं. दर हिवाळ्यात होतं तसंच. मुलगी म्हणाली, "आई, चुलीजवळ ठेव ना." मी बाटली हातात धरून तशीच बसले.

खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं. आमच्या पत्र्याच्या खोलीत डिसेंबरच्या सकाळी आठला त्याच्या कितीतरी खाली थंडी असते. पत्रा लवकर थंड होतो आणि लवकर तापतो. दुपारी एकला त्याच खोलीत स्वेटर काढावा लागतो. म्हणजे सकाळी तेल मेण व्हायचं, मशीन ओरडायचं. दुपारी तेल पातळ व्हायचं, मशीन गप्प. नवी सकाळी बसायची. आक्का दुपारी बसायच्या. आम्ही माणसं बघितली, वेळ बघितलीच नाही.

मी वेणी अर्धी सोडून आक्कांकडे गेले. म्हटलं, आक्का, आज सकाळी तुम्ही बसा. आठ वाजता आक्कांनी तीन नंबरवर पाय मारला. मशीन असं कण्हलं की आक्कांनी पाय उचलून घेतला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांचा हात आणि तोच आवाज. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, की तेल खोबरेल होतं आणि ते मी घातलं होतं. काल चाचांना मी खोटं सांगितलं तेही सांगितलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग आक्का म्हणाल्या, "मशीन नंतर. आधी त्या पोरीकडे जा."

मी गेले. तिची सासू ओट्यावर लसूण सोलत होती. मी सासूसमोरच सांगितलं, की मशीन हिच्यामुळे बिघडलेलं नाही, माझ्यामुळे बिघडलंय. सासू म्हणाली, "मीच तिला म्हटलं होतं, नको जाऊस, उगीच बोल कशाला ऐकायचे." नवी आतून आली. तिनं एवढंच विचारलं, "वहीत लिहिलेलं खोडणार का ताई?" मी म्हटलं, खोडणार नाही. खोडलं तर काय होतं ते कुणाला कळणार नाही. त्याच्या खाली खरं काय ते लिहीन. आणि पुढच्या बैठकीत लिहिलं. तारीख घालून, माझं नाव घालून, आणि सगळ्यांना वाचून दाखवून.

आता मशीन साफ कसं केलं ते सांगते, कारण बऱ्याच घरांत हाच प्रकार असणार. खोबरेल, शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, कुठलंही खाण्याचं तेल मशीनला चालत नाही. खोबरेल थंडीत गोठतं हे आहेच, पण खाण्याचं कुठलंही तेल हवेत हळूहळू चिकट होतं. भजी तळल्यावर गॅसच्या मागच्या भिंतीला जो पिवळा चिकटा बसतो ना, तेच. त्यात कापडाचा भुसा मिसळला की त्याचा गोंद होतो. शिलाई मशीनचं तेल पाण्यासारखं पातळ आणि पांढरं असतं, ते खनिज तेल आहे, तसं घट्ट होत नाही.

जुना चिकटा काढायला चाचांनी रॉकेल वापरलं. खिडक्या-दारं उघडी, जवळ चूल नाही, दिवा नाही. तुमच्या मशीनला विजेची मोटर असेल तर हे काम घरी करू नका, मेकॅनिककडेच द्या. आधी जुन्या दातांच्या ब्रशनं सगळा भुसा काढला. सुईखालची प्लेट दोन स्क्रूंवर असते, ती काढून दात्यांच्या मधली गादी काढली. शटल बाहेर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढला, म्हणजे बसवताना उलटं व्हायला नको. काढलेले स्क्रू एका वाटीत. शटलच्या खाचेत दोऱ्याचे तुकडे अडकलेले असतात, खडखड आवाज पुष्कळदा त्यांचाच असतो. ते चिमट्यानं काढले. मग प्रत्येक तेलाच्या भोकात रॉकेलचे थोडे थेंब, पाच मिनिटं सावकाश रिकामं चालवायचं, काळपट पाणी खाली येतं ते फडक्यानं पुसायचं. आमच्या मशीनला हे तीनदा करावं लागलं. मग रात्रभर उघडं ठेवलं, आणि सकाळी प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एकच थेंब. एकच. जास्त घातलं की ते कापडावर उतरतं. नंतर जुन्या चिंधीवर शिवत राहायचं, डाग यायचे थांबेपर्यंत.

तेल कुठे घालायचं नाही हेही सांगते. दोरा ताणणाऱ्या चकत्यांत नाही, पट्ट्याला नाही, चाकाच्या कडेला नाही. पट्ट्याला तेल लागलं की तो घसरतो. रोज दिवसभर शिवत असाल तर रोज थेंब द्या, अधूनमधून शिवत असाल तर आठवड्यातून एकदा. महिनाभर बंद मशीन सुरू करताना आधी तेल, मग दोन मिनिटं रिकामं, मग काम.

ज्यांच्याकडे मोटर आहे त्यांच्यासाठी वेगळं. तपासायचं असेल तर पट्टा उतरवा आणि नुसती मोटर चालवून ऐका. नुसती मोटर गुणगुणली आणि पट्टा चढवल्यावर घूं घूं करून तापायला लागली, तर पट्टा फार ताणलेला असू शकतो. बोटानं दाबल्यावर तो थोडा दबायला पाहिजे. पण नुसती मोटरच खरखर करत असेल, ठिणग्या दिसत असतील, जळका वास येत असेल, तर पिन काढा आणि मेकॅनिकला बोलवा. मोटर उघडू नका, त्यात तेल तर मुळीच घालू नका. आणि पायाचं असो की मोटरचं, आवाज ऐकायला वाकताना पदर खोचलेला, केस बांधलेले. मला एकीनं लाटण्याची युक्ती शिकवली. लाटण्याचं एक टोक मशीनच्या न हलणाऱ्या भागावर टेकवायचं आणि दुसरं कानाशी. आवाज जिथे असेल तिथे लाटण्यातून मोठा ऐकू येतो. डॉक्टरांच्या नळीसारखं.

आणि काही आवाज आपले नसतात. दांडे झिजून हलायला लागले असतील, सुई आणि शटल यांचा मेळ चुकला असेल, म्हणजे नवी सुई घालूनही टाका सुटतो आणि सुई आदळते, तर ते हाताचं काम आहे आणि तो हात मेकॅनिकचा. पण त्याला फोन करताना "आवाज येतो" एवढंच सांगू नका. सांगा की रिकामं चालवलं तरी येतो, पट्टा काढल्यावरही येतो, दर टाक्याला एकदा येतो. तो त्याच सामानाची पिशवी घेऊन येईल, तुमची एक खेप वाचेल.

मी बी. ए. ला असताना गांधीजींचं एक मत वाचलं होतं. 1924 साली त्यांना कुणीतरी विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? तेव्हा त्यांनी शिवणयंत्राला त्यातून वगळलं. सिंगरनं आपल्या बायकोचे शिवणाचे कष्ट बघून प्रेमापोटी ते बनवलं, असं ते म्हणाले होते. मला ते फार आवडलं होतं. पण त्या हिवाळ्यात वाटलं, मीसुद्धा ते तेल प्रेमानंच घातलं होतं. प्रेमाबरोबर माहिती पाहिजे. आणि चूक झाली की ती वेळेवर बोलता यायला पाहिजे.

आमच्या 400 पिशव्या 11 जानेवारीला रात्री नऊला पूर्ण झाल्या. शेवटच्या बंदाचं शिवण नवीनं केलं, तीन नंबरवरच. आता खोलीच्या भिंतीला एक वही टांगलेली आहे. ज्या बाईला मशीनचा आवाज वेगळा वाटेल तिनं त्यात लिहायचं. मशीन नंबर कितीचं, वाजले किती, आवाज कसा, कापड कुठलं, सुई कितीची. शिवणारीचं नाव लिहायचा रकाना आम्ही त्यात ठेवलेला नाही. ते आक्कांनी सुचवलं. ती वही आता नवी सांभाळते. परवा तिनंच मला सांगितलं की एक नंबरच्या मशीनला पाऊस पडला की आवाज येतो. मी म्हटलं, पावसाचा काय संबंध? ती म्हणाली, "माहीत नाही ताई. पण चार वेळा लिहिलंय." आम्ही बघितलं. पत्र्यातून एक थेंब बरोबर मोठ्या चाकाच्या आसावर पडत होता आणि तिथे गंज चढला होता.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर मशीन रिकामं चालवून बघा. दोरा काढा, फूट उचला, आणि फक्त ऐका. काही ऐकू आलं तर आमच्या केंद्रावर कळवा. आणि कुणी धाकटी तुम्हाला चार-चार वेळा सांगत असेल की मशीन ओरडतंय, तर ती सांगते त्या वेळेला जाऊन बघा. मी दुपारी जात राहिले, म्हणून सांगते.